लतीफचाचांना न दिलेला हुकूम

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणारा माणूस. सगळी नोकरी तोफखान्यात गेली... अंतर, कोन, वारा, जे मोजता येईल तेवढंच खरं मानायचं. या सदरात मी कधी लिहीन असं कोणी म्हटलं असतं, तर त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण वय ऐंशीच्या पुढे गेलंय, आणि हे प्रकरण मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. भीती वाटते म्हणून नाही, लाज वाटते म्हणून.

महाराष्ट्र होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. मी सैनिकी अकादमीत दुसऱ्या वर्षाला होतो. वसंतातली आठवड्याची सुटी मिळाली. माझा दोस्त बक्षी दिल्लीकडचा, एवढ्या थोड्या दिवसांत त्याला घरी जाऊन येणं जमणार नव्हतं, म्हणून तो माझ्याबरोबर आला. आमचं गाव तेर. बार्शीहून छोट्या रेल्वेनं आलो, साध्या कपड्यांत. सुटीवर गणवेश घालायचा नाही असा सक्त नियम होता. आम्ही तो ट्रंकेच्या तळाशी दडवून आणलेला. गावात भाव खायचा होता, दुसरं काय!

वडील गावच्या शाळेत हेडमास्तर, आणि लतीफचाचा तिथले शिपाई. तरुणपणी ते निजामाच्या फौजेत होते. पोलीस ॲक्शनच्या कितीतरी आधी घरी परतले होते, पण नंतर त्या नोकरीचं नाव काढायचीही सोय राहिली नाही. घंटा द्यायची, पाणी भरायचं, पोरांना रांगेत उभं करायचं, एवढंच उरलं. मला पहिली कवायत त्यांनीच शिकवली. मी त्यांना चाचा म्हणायचो आणि ते मला ‘छोटे मास्तर’.

चैत्रात शाळा सकाळची असते. साडेअकराला पोरं घरी गेली आणि आम्ही दोघं कडक इस्त्रीत, बूट चमकवून मैदानात हजर. चाचा वर्गांना कुलपं लावत होते. आम्हाला पाहिलं, किल्ल्या तिथंच पायरीवर ठेवल्या आणि खाडकन सलाम ठोकला. डोळे भरून आले होते त्यांचे.

"आता छोटे मास्तर न्हाय म्हणायचं. आता साब!"

मी वाकून नमस्कार करायला हवा होता. पण बक्षी कानाशी कुजबुजला, "पूछ, ड्रिल याद है या भूल गया बुड्ढा." आणि मी... ज्यांना जन्मात कधी अरे-तुरे केलं नव्हतं, त्यांच्यावर ओरडलो, "ए जवान! अटेन्शन!"

म्हातारा ताठ झाला. अकादमीत सीनियर आमच्यावर जे जे करायचे, ते सगळं आम्ही त्यांच्यावर करून पाहिलं. राइट टर्न, लेफ्ट टर्न, डबल मार्च. धाप लागली तरी एक पाऊल चुकलं नाही. चेहऱ्यावर हसू होतं. आम्ही थट्टा करतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. किती वर्षांनी कोणीतरी त्यांना फौजेतला माणूस म्हणून हाक मारली होती! शेवटी मी त्यांना भर उन्हात पुन्हा अटेन्शनमध्ये उभं केलं. बक्षी म्हणाला, "चल, नदी पे."

कवायतीत उभ्या केलेल्या माणसाला ‘डिसमिस’ म्हटल्याशिवाय जागचं हलता येत नाही. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी विसरलो, असं लिहायला सोपं आहे, पण मी विसरलो नव्हतो. फाटकाशी वळून पाहिलं, चाचा तसेच उभे होते, आणि आम्ही दोघं हसलो. आमचे सीनियर हीच गंमत करायचे. कंटाळले की जातील, असं मनाशी म्हटलं आणि तेरणेच्या डोहावर गेलो. मनसोक्त पोहलो, कैऱ्या खाल्ल्या, झाडाखाली ताणून दिली.

परतताना पाच वाजले असतील. ऊन अजून चांगलं होतं. शाळेवरूनच वाट. चाचा मैदानात उभे!

तीच जागा. छाती पुढं, मुठी मांड्यांना चिकटलेल्या, नजर समोर. "अबे, अभी तक खड़ा है!" बक्षी हसायला गेला आणि मध्येच थांबला. आम्ही जवळ गेलो. पाच तास उन्हात उभ्या माणसाच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी म्हणालो, "डिसमिस."

ते उजवीकडे वळले, सलाम केला, पाय आपटला. आवाज आला नाही. मग शाळेच्या मागं विहिरीकडे चालत गेले.

घरी आलो तर आई दारातच. "कुठं होता रे तुम्ही? लतीफ गेले."

"कुठं गेले?"

"अरे, वारले! दुपारी मैदानात पडलेले दिसले. बैलगाडीत घालून घरी नेलं, तिथं तीनच्या सुमारास प्राण गेला. तुझे वडील तिकडंच हायेत."

बक्षी ओट्यावरच थांबला. मी कपडे बदलले आणि लगेच चाचांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी हनीफा मला पाहून पुढं आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, लहानपणी मला कडेवर घेतलेली. मला बाजूला नेऊन हळूच म्हणाली, "भय्या, तुमी फौजेतले, तुमाला कळंल. अब्बा शेवटपर्यंत एकच बोलत होते... ‘हुकूम झाला नव्हता, अन् मी पडलो कसा?’ लई शरमले हो. कुणाचा हुकूम, काय, आमाला काईच उमगलं न्हाय. त्यांच्याकडून काई कसूर झाला का?"

सांगायची वेळ होती ती. शब्द तोंडाशी आले होते. मी म्हणालो, "नाही. काहीच कसूर नाही."

तिनं पदर डोळ्यांना लावला. "अल्ला तुमचं भलं करो. तुमी सांगितलं, आता जिवाला बरं वाटलं," म्हणाली. आणि मी मान डोलावली.

उन्हाचा भास, म्हणाल. मीही म्हणून पाहिलं. पण एकच भास दोघांना? पुढं बऱ्याच वर्षांनी बक्षीला एकदाच विचारलं. "मैंने भी देखा था. आगे मत पूछ," एवढं बोलून तो उठून गेला.

पाच वाजता त्या मैदानात कोण उभं होतं, मला आजही सांगता येत नाही. हनीफाला काय सांगायला हवं होतं, ते मात्र त्याच संध्याकाळी ठाऊक होतं. त्यानंतर दर सुटीत मी गावी जायचो, ती भेटायची, बायका-पोरांची खुशाली विचारायची. तिला जाऊन आता वीसेक वर्षं झाली.