कौसाला सांगितलेले आकडे

कौसाला जाऊन पाच आठवडे झाले. त्या दुपारचं फेफरं ओसरलं तेव्हा तिनं डोळे उघडले, लांबच्या गावाहून चालत आल्यासारखे... आणि नेहमीसारखं विचारलं, "किती?" मी म्हणालो, "पन्नास." झाले होते शंभराच्या वर. ती जराशी हसली. सांजेला गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. जालन्यात औषधांच्या एका कॉलेजात उंदीर सांभाळायची नोकरी केली. पांढरे उंदीर, एकमेकांच्या अंगावर डोकं टाकून भुशात झोपायचे. तळहातावर घेतलं की ऊब लागायची, इवलं पोट वरखाली व्हायचं, आणि बघता बघता मलाही पेंग यायची. माझी बायको कौसा धावडा गावची. तिला फेफरं येतं हे तिच्या बापानं लग्नात लपवलं. मी दोन दिवस रागावलो, मग राग गेला. फेफरं आलं की शेजारीण कांदा हुंगवायला पळत यायची. तिला मी हाकलायचो, कौसाला कुशीवर वळवायचो आणि सेकंद मोजत बसायचो. मोजायचं उंदरांपाशी शिकलो होतो. शुद्धीवर आली की ती विचारायची, "किती?" मी निम्मेच सांगायचो.

तेव्हा कॉलेजात एक मॅडम शुगरची जुनीच गोळी तपासत होत्या. त्या गोळीनं फेफरंही आवरतं का, हे त्यांना बघायचं होतं. काही उंदरांना गोळीचं पाणी पाजायचं, काहींना नुसतं पाणी, मग सगळ्यांना फेफरं आणणारी सुई. घड्याळ माझ्या हातात. शेपटीवर रंगाच्या खुणा मीच केलेल्या, त्यामुळे कोणाला काय पाजलं ते मला ठाऊक. उंदीर मागचे पाय ताठ करायचा... आणि मला आमची खाट दिसायची. गोळीवाल्या उंदरांचे सेकंद मी कमी सांगत गेलो. मुद्दाम. मॅडम खूश झाल्या.

घरी येऊन उंदरांचं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "कौसे, तुझी गोळी सापडून राह्यली!"

भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "घड्याळ कोणाच्या हातात हाय?"

"माझ्याच."

"मंग झालं! मला निम्मं सांगता, ते पहिल्यापासून ठाऊक हाय मला. जीभ किती चावली त्याच्यावरून कळतं. घरात चालतं ते, मी खुशीनं फसते. पण तुमच्या आकड्यावर उद्या कोणाच्या लेकराला ती गोळी दिली तं?"

दुसऱ्या दिवशी मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी आकड्यांची वही मिटली. मग म्हणाल्या, "मामा, ते उंदीर तर गेले हो." तपासून झाल्यावर त्यांना जिवंत ठेवत नसतात... नवे उंदीर आणले, सगळं पुन्हा केलं. तेवढे जीव माझ्यापायी जास्तीचे गेले. घड्याळ दुसऱ्याकडं दिलं. या वेळी मी नुसता भुसा बदलत होतो. गोळीनं फरक पडला, पण थोडा. माझ्या आकड्यांएवढा नाही. माणसाला द्यायला अजून बरीच वर्षं, असं मॅडम म्हणाल्या. कौसाला हे सांगितलं, तर म्हणाली, "थोडा तं थोडा. खरा हाय ना?"

घरात मात्र निम्मं सांगणं चालूच राहिलं. तिची परवानगी होती.

आता दुपारी खाटेच्या कडेला बसतो. तिच्या उशीवर हात ठेवला की ओठ आपोआप मोजायला लागतात. पन्नास होतात, शंभर होतात... कोणी "किती?" म्हणत नाही, म्हणून कुठं थांबावं ते कळत नाही.