हौसाकाकूंचं ग्रॅफाइट

हौसाकाकू शेअर घेण्याआधी त्या कंपनीचा माल हातात घेऊन बघत. वायरवाल्यांची वायर वाकवून, बिस्किटवाल्यांचं बिस्किट खाऊन. मारुंजीत मी त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून गेले, तेव्हा मी चाकणला बॅटरीच्या कारखान्यात आहे कळताच त्यांनी डिपॉझिटचा विषय बाजूला सारला.

"आत काय घालता गं तुमी?"

"ग्रॅफाइट असतं, काकू. पेन्सिलीतलं काळं असतं ना, तेच. फक्त खूप शुद्ध केलेलं."

"म्हंजी वस्त्रगाळ," त्या म्हणाल्या. मला अजून याहून सोपा शब्द सापडलेला नाही.

त्यांच्या शेतावर आता काचेच्या इमारती आहेत. जमिनीचे पैसे आले तेव्हा दिरांनी मोठमोठ्या गाड्या घेतल्या, काकू मोबाईलवर शेअरबाजार शिकल्या. त्यांचं बघून भिशीतल्या बायकाही शेअर घेऊ लागल्या. एकदा ताथवड्याचा एक सल्लागार दोन कंपन्यांची नावं घेऊन गच्चीवर आला. एकीची ओडिशात ग्रॅफाइटची खाण होणार होती. दुसरीकडे खाणच नव्हती. ती माल विकत घेऊन बॅटरीजोगा शुद्ध करायची. सल्लागाराचा भर खाणीवर. "जमीन ताब्यात आलीये, ताई. आता फक्त खोदायचं!"

बायका तयार झाल्या. काकूंनी मात्र जाऊबाईंना सोबत घेतलं, भाकऱ्या बांधल्या आणि जगन्नाथाच्या दर्शनाचं निमित्त करून ओडिशा गाठलं.

परत आल्यावर गच्चीवर प्रसाद वाटता वाटता त्या सांगू लागल्या. "पाटी हाय कंपनीची. पाटीमागं भात डोलतंय. म्या चिखलात उतरले, तिथल्या बायांना इचारलं, ये खेत कंपनी को दिया क्या? समद्या हसाय लागल्या. एक म्हनली, पहले कोई पूछने तो आए!"

प्रसादाची वाटी त्यांनी खाली ठेवली. "आमच्या बी शेतात पाटी आधी लागली व्हती. मला कुनी इचारलं न्हाई."

सगळ्यांचे पैसे दुसऱ्या कंपनीत गेले.

पण तिचा नमुना एका बॅटरी कारखान्यात नापास झाला आणि भाव धाडकन पडला. जाऊबाई तर रडायच्याच बाकी होत्या. काकू माझ्या दारात आल्या. "नापास म्हंजी कायमचं का गं?"

"नाही काकू, सुधारून पुन्हा देतात. पण पास होईलच, असं मी सांगू शकत नाही."

"मग विकायची घाई नगं," असं बायकांना बजावून त्या गेल्या खऱ्या. पण पुढचे काही महिने त्यांचा चहा रोज गोडमिट्ट व्हायचा. साखर घातल्याचं त्यांच्या ध्यानातच राहत नसे. शेवटी नमुना पास झाला, तेव्हा त्यांनी आख्ख्या इमारतीत पेढे वाटले. वॉचमनला दोनदा.

माझी बदली झाली. निघताना निरोप घ्यायला गेले, तर काकू फोनवर खिदळत होत्या. मला हातानं थांबायची खूण केली. पलीकडे ओडिशातली तीच बाई होती, पाटीमागच्या शेतातली; नंबर काकूंनी तेव्हाच घेतला होता. इकडून मराठी, तिकडून ओडिया, मध्येच मोडकं हिंदी.

"काय म्हणतात त्या?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"मला कुठं कळतंय?" काकू डोळे पुसत हसल्या. "पर हसती हाय. म्हंजी शेत हाय अजून."