चार ते आठची पाळी

मार्सेयमध्ये पाऊलही न ठेवता तिथल्या गल्ल्यांवरून भांडू शकणारा माणूस अख्ख्या जगात एकच असेल, आणि तो सिंगापुरात पासिर रिसला माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. ते माझे घरमालक. मी त्यांना आजोबा म्हणतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे मोठ्या माणसांशी काय बोलावं हे मला अजून नीट जमत नाही. आजोबांपुढे ती अडचण येत नाही, कारण बोलायचं काम तेच करतात आणि विषय एकच असतो. जन्मभर ते बोटींवर इंजिनियर होते. त्यांचं जहाज एकदा मार्सेयला लागलंही होतं, पण नेमकी त्यांची पाळी होती. "शहर माझ्या डोक्यावर होतं," ते सांगतात, "आणि मी खाली पंप उघडून बसलो होतो."

निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ती चार ते आठची पाळी सुटलेली नाही. दुपारी चारच्या ठोक्याला ते खुर्चीत बसतात आणि टीव्हीवर मार्सेयच्या जुन्या चित्रफिती लावतात. धक्का, पिंपं, घोडागाड्या, बंदराच्या तोंडावरचा उंच लोखंडी पूल. आवाज नाही, रंग नाही, आणि सगळी माणसं जरा घाईतच. मांडीवर जहाजावर असते तशी लॉगबुक. तिच्यात रोजची नोंद: स्थळ, हवा, माणसे किती, पैकी आपला. शेवटच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द आहे, 'नाही'. आठ वाजता आजींची मालिका लागते, तेव्हा ते उठून रीतसर पाळी सोपवतात. "सगळं सुरळीत. तीन बोटी, एक घोडागाडी." आजी म्हणतात, "घोडागाडी तिथंच बांधा आणि हात धुवा. भात निवतोय."

एकदा पुण्याहून आलेले एक इंजिनियर जेवायला होते. ते सुट्टीत मार्सेयला जाऊन आलेले. आजोबांनी त्यांना बंदरापासून वर जाणारी एक अरुंद गल्ली सांगितली. पाहुणे म्हणाले, "काका, तिथं अशी गल्ली नाही हो." आजोबा शांतपणे म्हणाले, "तुम्ही उशिरा गेलात." ते खरंही होतं. तो सगळा जुना भाग जर्मनांनी युद्धात सुरुंग लावून उडवला, ती गल्ली आता फक्त आमच्या टीव्हीवर आहे. हेच आजोबा लिटिल इंडियातून परतताना एकटे असले, की मेट्रोतून एक स्टेशन आधी, तांपिनीसलाच उतरतात आणि आजींना फोन करून विचारतात, "आपला ब्लॉक कुणी हलवला?"

'आपला' म्हणजे त्यांचे वडील. ते बोटीवर आगवाले होते, बॉयलरमध्ये कोळसा मारायचे. आजोबा पाळण्यात असताना ते बोटीवर निघून गेले. मार्सेयला उतरलो, तब्येत बरी आहे, एवढं एक पत्र दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं आलं, आणि मग काहीच नाही. फोटो एकही नाही. खूण म्हणून आजोबांकडे आईचं एक वाक्य आहे. आजोबांचा डावा गुडघा लहानपणापासून बाकदार. चालताना अंग डावीकडे झुकायचं, जणू खालून कुणी कानात काही सांगतंय. आई म्हणायची, "पाठमोरा चालायला लागलास की वाटतं, तेच निघाले."

म्हणजे आजोबा पडद्यावर स्वतःचीच चाल शोधत होते. हे कळल्यावर मला माझे वडील आठवले. ते मालवणला जाळी विणतात. मला ते नेहमी बसलेलेच आठवतात. त्यांची चाल कशी आहे, हे मला सांगता येईना. मग मीही जीव लावून बघायला लागलो. एकदा उत्साहात ओरडलो, "आजोबा, हा बघा!" त्यांनी फीत थांबवली, पुढे झुकले, पुन्हा पाहिली. "हा उजवीकडे झुकतो रे," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. त्यानंतर मी कधी ओरडलो नाही.

खरी पंचाईत गुडघ्याची होती. वयाबरोबर तो इतका दुखायला लागला, की बाथरूमपर्यंत जाताना ते भिंतीला विचारत विचारत जायचे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने पाय अगदी सरळ होईल. आजोबा म्हणाले, "सरळच तर नकोय." दोन वर्षं त्यांनी टाळलं. आजी चिडायच्या, "मेलेल्या माणसासाठी स्वतःचा पाय घालवताय!" त्यावर आजोबा म्हणायचे, "नमुनाच हरवला तर माल कसा ओळखायचा?" शेवटी एमआरटी स्टेशनच्या जिन्यावर पडले, तेव्हा तयार झाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मला आमच्या इमारतीच्या तळातल्या मोकळ्या जागेत नेलं. पाच किलो तांदूळ भरलेली पडशी बोटीवरून उतरणाऱ्या खलाशासारखी खांद्यावर घेतली. "मागून घे. तोंड नको." मी मोबाइल धरला आणि ते खांबांमधून झुकत झुकत चालू लागले. वरच्या मजल्यावरची चिनी आँटी काळजीने म्हणाली, "अंकल, व्हेअर यू गोइंग?" आजोबा मागे न बघता तिच्याच इथल्या ढंगात म्हणाले, "मार्सेय, लाह!"

ऑपरेशन उत्तम झालं. आजोबा आता पट्टीसारखे ताठ चालतात आणि डॉक्टर इतरांना त्यांचं उदाहरण देतात. "आता मी कुणासारखाच चालत नाही," ते मला एकदा म्हणाले. लॉगबुक कपाटात गेली. चार वाजायचे, आणि ते खिडकीबाहेर बघत बसायचे. बरेच आठवडे असे गेल्यावर एका दुपारी आजींनीच टीव्ही लावला आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "अहो, पाळी आहे ना तुमची?"

आजोबांनी वही उघडली नाही. मला विचारलं, "तुझ्या मोबाइलमधलं ते टीव्हीवर येतं का रे?"

मी लावलं. खांब, सावली, आणि एक पाठमोरा माणूस, खांद्यावर पडशी, डावीकडे झुकत पलीकडच्या उन्हाकडे निघालेला. आँटीचा आवाज यायच्या आत आजोबांनी टीव्ही मुका केला. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी चष्मा पुसला, पेन घेतलं आणि लिहायला लागले. स्थळाचा रकाना त्यांनी कोराच सोडला. हवा: दमट. माणसे: एक. पैकी आपला: एक.

आठ वाजून गेले, तरी आजींनी मालिका लावा म्हटलं नाही.