साबणाचं पिस्तूल

मी आयुष्यात एकच पिस्तूल निवडलं, तेही दुसऱ्याच्या खिशासाठी. मला ते चालवता येत नाही, हातात धरायची हौस कधी नव्हती. शिंप्याला विचारलं म्हणून शिंप्याने सांगितलं. त्या दिवशी तोंड बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहारीनमध्ये जिदहफ्सच्या बाजारात आमचं थोब शिवायचं दुकान होतं. थोब म्हणजे तिकडच्या पुरुषांचा पायघोळ पांढरा झगा. ‘आमचं दुकान’ ही आपली बोलायची पद्धत. दुकान अरबाबचं, म्हणजे मालकाचं. व्हिसा त्याच्या नावावर, पासपोर्ट त्याच्या कपाटात. आत कामाला आम्ही दोघं. कापायला रत्नागिरीकडचे एक म्हातारे चाचा आणि शिवायला मी, रायगडातला.

सहा वर्षं मी बायकोपासून लांब होतो. मुलगी झाली तेव्हाही तिकडेच होतो. शेवटी फॅमिली व्हिसाचे कागद जमवले. एका कागदावर अरबाबची सही झाली की दोघी येणार होत्या. बायकोला कुठला धीर? तिने शेळ्या बहिणीला देऊन टाकल्या, पोरीचा शाळेतून दाखला काढला आणि तसं पत्रात लिहून मला कळवलं. पोरीला विमानात घालायला मी दुकानातल्या उरलेल्या कापडाचा फ्रॉक शिवून पाठवला होता. तो तिने ट्रंकेत घडी करून ठेवला होता. रोज उघडून बघते, असं बायकोने लिहिलं होतं.

आणि अरबाबचं आपलं रोजचं एकच, ‘इंशाल्ला’. दोन महिने हेच ऐकून माझे कान किटले होते.

एके दिवशी दुपारी दुकान बंद असताना तो मागच्या दाराने आला. बापाच्या दुकानांवरून त्याचं सख्ख्या भावाशी फाटलं होतं, हे चाचांकडून मला ठाऊक होतं. माणूस पार घाबरलेला. टेबलावर त्याने टॉवेल उलगडला, तर आत दोन पिस्तुलं! परवाना आहे का, हे विचारायची माझी काय छाती होती?

“थोब में पॉकेट चाहिये,” तो म्हणाला. “बाहर से मफी मालूम. कौन सा अच्छा?”

मफी म्हणजे नाही. खिसा बाहेरून कळायला नको होता, आणि त्यात कुठलं घ्यावं, हे तो मला विचारत होता. त्याचं मन बसलं होतं गोल फिरकीवाल्या चकचकीत पिस्तुलावर. दुसरं चपटं होतं, काळं, साबणाच्या वडीएवढं. मी दोन्ही कापडात धरून पाहिली. उन्हाळी थोबाचं कापड पातळ असतं. त्यात मोठं बटण ठेवलं तरी दिसतं, मग ती फिरकी कशी लपणार? मांडीवर आंबा ठेवल्यासारखा फुगवटा येत होता.

“अरबाब, ये नहीं,” मी म्हणालो. “ये चलेगा तो पूरा बाजार देखेगा. छोटावाला लो. पॉकेट थोडा पीछे करेगा, डबल अस्तर डालेगा.”

तो आरशासमोर उभा राहून ऐकत होता. सहा वर्षांत माझं म्हणणं त्याने एवढं कान देऊन कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्याच भरात मी कागदाचं विचारलं. “थोब खलास, साइन खलास,” असं म्हणून त्याने छातीवर हात ठेवला.

चाचा नंतर म्हणाले, “अरे, ह्याच्यात पडू नको. त्यांची भांडणं त्यांना लखलाभ.” पण मला दिसत होता तो सहीचा कागद.

जड वस्तूसाठी खिसा करायचा तर आमची एक रीत आहे. कच्ची शिलाई घालायची, खिशात तेवढंच वजन ठेवायचं आणि कपडा रात्रभर टांगून ठेवायचा. कापड उतरायचं तेवढं उतरतं, मग पक्की शिलाई मारायची. असं नाही केलं तर आठवड्यात खिसा लोंबतो. पिस्तूल ठेवून जा म्हणालो तर अरबाबने डोळे वटारले. म्हणून मी कॉलरचा नमुना काढतात तसा खाकी कागदावर त्याचा आकार काढून घेतला, वजन हाताने जोखलं, आणि तो गेल्यावर कपडे धुवायच्या साबणातून तंतोतंत तसा तुकडा कोरला. हलका वाटला म्हणून आत मशीनच्या स्टँडचे दोन जुने नट खुपसले. साबणाचा डाग लागू नये म्हणून वर काळं अस्तर शिवलं. चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, “शाबास! एवढी अक्कल चांगल्या कामाला लावली असतीस तर!”

ट्रायलला अरबाबने घरी बोलावलं, हमद टाउनला. मी थोब घडी करून पिशवीत घातला आणि बस पकडली. खिशातलं वजन काढायचं नाही, काढलं तर कापड परत आखडतं, एवढंच डोक्यात. बाकी काही सुचलंच नाही. त्या दिवसांत दंगलींमुळे रस्त्यावर तपासणी चालायची. ते मला माहीत नव्हतं? रोज बघत होतो की! पण माझ्या लेखी ते पिस्तूल नव्हतंच, ते माप होतं.

पोलिसाने पिशवीत हात घातला. पुढचं काय सांगायचं? मला जमिनीवर पालथं झोपवलं. “साबुन, साबुन,” मी ओरडत होतो. चौकीत एकाने अस्तर उसवून चाकूने साबण मधोमध कापला, हुंगला आणि हसायला लागला. मग सगळेच हसले. मीसुद्धा हसलो. लाज वाटते सांगायला, पण हसलो.

साहेबाला मात्र हसू आलं नाही. असला खिसा कुणाला हवा आहे, एवढंच त्याने विचारलं. थोब अरबाबचा आहे म्हटल्यावर अरबाबला बोलावलं. तो आला, माझ्याकडे बघितलंही नाही. “मी नुसता थोब सांगितला होता,” तो म्हणाला. “खिसा कसला? हा माणूस मजनून आहे.” मजनून म्हणजे वेडा. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात मी त्याला उघडा पाडला असता. पण सही अजून व्हायची होती ना! मी मान खाली घालून म्हणालो, “हां साब, मेरा गलती.”

साबण बाळगणं हा काही गुन्हा नव्हे. संध्याकाळी त्यांनी मला सोडलं. थोब दिला आणि टेप, कातर, साबणाचे दोन तुकडे एका पाकिटात घालून परत दिले.

तीन दिवसांनी अरबाब दुकानात आला आणि म्हणाला, “यल्ला, आज पेपर साइन करेगा.” माझा जीव भांड्यात पडला. त्याचं खोटं मी गिळलं होतं, त्याची जाण त्याला आहे असं वाटलं. पण त्याने स्वतःच्या खिशातून दुसराच कागद काढून माझ्यासमोर सही केली. माझा व्हिसा रद्द केल्याचा कागद होता तो. त्याचं गुपित जाणणारा माणूस त्याला बहारीनच्या बेटावर नको होता, चौकीत तोंड बंद ठेवणारा असला तरी.

वर हुकूम सोडला, जायच्या आधी थोब पुरा कर.

मी मशीनवर बसलो तेव्हा चाचा शेजारी येऊन हळूच म्हणाले, “खिशाच्या तळाला एकच टाका ढिला ठेव. भर बाजारात पडेल खाली, मग बघू दे त्याला मजा.” मी मात्र तळाला तिहेरी शिलाई घातली, दोरा ओढून तपासला, इस्त्री केली. अरबाब चपटं पिस्तूल खिशात घालून आरशापुढे पुढे-मागे चालला. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. “मुम्ताज,” तो म्हणाला. म्हणजे उत्तम. एक टाका ढिला का नाही ठेवला, ह्याचा राग मला आजही येतो. त्याच्यापेक्षा जास्त माझाच येतो.

गावी आल्यावर बायकोला सांगितलं, दुकान बंद पडलं. शेळ्या बहिणीकडून परत मागायला तिला लाज वाटली. मुलगी परत त्याच शाळेत गेली आणि पोरं तिला ‘बहारीन, बहारीन’ करून चिडवायला लागली.

एक दिवस बायको दगडावर कपडे धूत होती. माझ्या बॅगेतला साबण तिने घेतला होता. तुकडा झिजला होता आणि नटाची कड बाहेर आली होती. फ्रॉकवर साबण घासताना ती कड लागली आणि कापड टर्रकन फाटलं. तोच विमानातला फ्रॉक, एकदाही न घातलेला. ट्रंकेत वास लागला म्हणून तिने धुवायला काढला होता.

“अहो, हे काय?” हातातला नट दाखवत ती म्हणाली. “तिकडच्या साबणात लोखंड घालतात की काय?”

“घालतात,” मी म्हणालो.

फ्रॉक वाळल्यावर मी सुई-दोरा घेऊन ओटीवर बसलो आणि रफू केला. कुठे फाटलं होतं ते बायकोला सापडेना. लपवायच्या कामात माझा हात कोण धरणार?