पस्तीसचे त्रेपन्न

माझी मुलगी दुसरीत असताना पस्तीसचे त्रेपन्न लिहायची. अठ्ठेचाळीस सांगितले की चौऱ्याऐंशी. तोंडी बेरीज विचारा, पटकन बरोबर सांगेल. पाटीवर आली की सगळे उलटे.

आम्ही सुरतेत, डिंडोलीत राहतो. नवरा लूमवर जातो, मी घरी बसून साड्यांना लेस लावते. मी शिकले नंदुरबारकडच्या मराठी शाळेत. मुलगी इथल्या गुजराती शाळेत जाते. घरात आमचे बोलणे अहिराणी. पण आकडे मी तिला मराठीतच शिकवले होते, ती शाळेत जायच्या आधीपासून. जिना चढताना मोजायचो, पोळ्या मोजायचो. तिला सगळ्यांत आवडायचे ते ‘एकोण’वाले आकडे. सकाळी मी तिची वेणी घालताना ती एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे गाण्यासारखे म्हणायची आणि मान हलवून वेणी बिघडवायची.

एक दिवस शाळेतून निरोप आला. तिच्या बाई, इथे त्यांना बेन म्हणतात, वयाने माझ्याहून लहान होत्या. बोलल्या मात्र समजुतीने.

“घरी आकडे कोणत्या भाषेत शिकवता?”

“मराठीत.”

“मग तिथेच गोंधळ होत असणार. थोडे दिवस फक्त गुजरातीत म्हणून बघा.”

नवऱ्याला सांगितले, तर तोही म्हणाला, “बरोबरच शे. दोन भाषा ऐकीसन तिना गोंधळ व्हस. आकडा गुजरातीमाच बोल.”

मी बंद केले. माझे गुजराती बाजारापुरते. पन्नासच्या पुढचे आकडे मला मुलीलाच विचारावे लागायचे, आणि मग वेणी घालताना आम्ही दोघी गप्पच बसू लागलो. एका सकाळी ती हळूच म्हणाली, “मम्मी, एकोणवाले म्हणू ना?”

“नको. बेनने मना केलंय.”

ती मान अगदी सरळ धरून बसली. त्या दिवशी वेणी छान आली, पण मला ती बघवेना.

बरेच दिवस गेले, तरी पाटीवरचे आकडे उलटेच. एका दुपारी मी लेस लावत होते, ती शेजारी बसली होती. मी गुजरातीत म्हटले, “लिही, पांत्रीस.” तिने त्रेपन्न लिहिले. माझा आवाज चढला.

“आता तर गुजरातीतच सांगितलं ना? मग हे काय?”

तिचे डोळे भरले. “तूच आधी पांच बोललीस. म्हणून मी आधी पांच लिहिला.”

मी सुई तशीच धरून मनात म्हणून पाहिले. पां-त्रीस. पस्-तीस. दोन्हीकडे आधी पाच, मग तीस. पोरीच्या कानावर जे आधी येत होते, ते ती आधी लिहीत होती. ना मराठीचा दोष, ना गुजरातीचा, ना तिचा. मी तिला जवळ ओढले आणि हसायलाच लागले. का हसते ते तिला कळले नाही, पण रडता रडता तीही हसली.

मग केरसुणीच्या काड्या मोडून घेतल्या. दहा-दहांच्या जुड्या उरलेल्या लेसच्या तुकड्यांनी बांधल्या. पस्तीस म्हणजे तीन जुड्या आणि पाच सुट्या काड्या. “आता सांग, यांच्यात आधी जागा कोणाला?”

तिने विचार केला. तिचा धाकटा भाऊ तेव्हा नुकता बोलायला लागला होता. जेवायच्या वेळी तो सगळ्यांच्या आधी “मी, मी” करून घर डोक्यावर घ्यायचा.

“छोटू आधी ओरडतो,” ती म्हणाली, “पण पहिलं ताट पप्पांचं.” आणि तिने तीन लिहून त्याच्या शेजारी पाच लिहिला.

एका दिवसात सगळे सुधारले असे नाही. मधूनच चुकायची. मग स्वतःच “अरे, छोटू आधी बसला!” म्हणून बोटाला थुंकी लावून पुसायची.

मी शाळेत जाऊन बेनला हे सांगितले. सांगताना जीभ अडखळत होती. शिकवणारीला आपण काय शिकवायचे? पण त्या पुटपुटत पांत्रीस, अडतालीस म्हणत राहिल्या आणि एकदम कपाळावर हात मारून हसल्या.

“अहो, वर्गातली कितीतरी मुलं असंच लिहितात. त्यांच्या घरी तर गुजरातीच बोलतात! मी तुम्हाला उगाच थांबवलं.” मग म्हणाल्या, “तुमचे मराठी आकडे आमच्या वर्गाला ऐकवाल?”

मी चांगली साडी नेसून गेले. मुले गुजरातीत एक आकडा म्हणत, मी तोच मराठीत. साठपर्यंत झोकात गेले. पुढे घाबरले, आणि अठ्ठ्याहत्तरनंतर तोंडातून गेले ‘एकोणनव्वद’.

दुसऱ्या बाकावरून माझी मुलगी ताडकन उठली. “मम्मी, एकोणऐंशी!”

सगळा वर्ग हसला. बेन हसल्या, मीही हसले. मुलगी काही खाली बसली नाही. ती पुढे आली, माझा पदर धरून उभी राहिली, आणि शंभरपर्यंत माझ्याबरोबर, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणत गेली.