साहेबांची वाइन आणि मी सोडलेली द्राक्षं

मी एकदा द्राक्षं सोडली होती. नवस म्हणून. तेव्हा वाटलं होतं, आपण देवाला एक फळ दिलं, बदल्यात तो आपलं एक काम करील, हिशेब मिटला. पण देव नुसतं मागितलेलं देत नाही, वर किस्सेही देतो! एक झाला की दुसरा त्याचं बोट धरून येतो. आमच्या भजनाच्या बायका अजून आरती झाली की म्हणतात, "काकू, तो तस्ताचा सांगा ना!" तस्ताचा शेवटी. आधी बाकीचे ऐका.

तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. आम्ही बोईसरला एका खोलीत भाड्यानं राहायचो. हे स्टोअरकीपर, पण टेम्पररी. बांधकाम संपलं की टेम्पररी माणसांना नारळ मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मी महादेवाला बोलले, ह्यांची नोकरी कायम होईपर्यंत द्राक्ष तोंडात घालणार नाही.

आणि ह्यांना साहेब कोण मिळावेत? विल्यम साहेब! अमेरिकेत त्यांच्या गावी मैलोन्‌मैल द्राक्षांचे मळे. घरोघरी द्राक्षांची वाइन करायची, तांबडी आणि पांढरी. साहेब इंजिनिअर होते खरे, पण जीव सगळा बाटलीत. पिण्यात नव्हे हो, परीक्षेत! दर शनिवारी दुपारी बंगल्यावर बाटल्या उघडायच्या, आपण चाखायचं, ऑफिसातल्यांना चाखायला लावायचं आणि प्रत्येक बाटलीला मार्क द्यायचे.

मी द्राक्षं सोडली, तर देवानं द्राक्षांचाच साहेब पाठवला!

*

साहेबांची पहिली पेटी बोटीनं आली ती ह्यांच्या स्टोअरमध्ये उतरली. त्यातली एक बाटली फार जुनी, साहेबांच्या वडिलांनी जपून ठेवलेली. साहेब ह्यांना म्हणाले, "मी मुंबईहून येईपर्यंत नीट सांभाळा."

ह्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. तळाला गाळ! ह्यांना वाईट वाटलं. दवाखान्यातल्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलेलं असतं, ते ह्यांना माहीत होतं. रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की हे ती बाटली दोन्ही हातांनी खळखळ हलवायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बसनं जाऊन हलवून आले!

साहेब आले. ह्यांनी बाटली पुढं केली आणि अभिमानानं सांगितलं, "साहेब, आता तळाला काही म्हणजे काही राहिलेलं नाही!"

साहेब खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. अशी वाइन वर्षानुवर्षं निजवून ठेवतात, गाळ हलूसुद्धा द्यायचा नाही, हे ह्यांना नंतर कळलं.

*

तरी साहेबांनी ह्यांना शनिवारच्या बैठकीला बोलावलं. हे पीत नव्हते, नुसता वास घ्यायचे. पण ह्यांच्याबरोबरचे ड्राफ्ट्समन शिंत्रे मात्र आमंत्रणाची वाटच बघत होते. नवा शर्ट घालून गेले.

तिथं गेल्यावर साहेबांनी समजावलं. आधी ग्लास उजेडात धरायचा, रंग बघायचा. मग गोल फिरवायचा, वास घ्यायचा. मग घोटभर तोंडात घ्यायचं, घोळवायचं आणि थुंकायचं.

शिंत्र्यांचा चेहरा पडला. ह्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "थुंकायचं? मग एवढ्या लांब यायचं कशाला हो! हे तर दाढ काढल्यावर करतात!"

थुंकायला भांडं हवं होतं. हे आमच्या घरून पितळेचं तस्त घेऊन गेले आणि प्रत्येकाच्या हनुवटीखाली धरत फिरले. पाहुण्यांना हात धुवायला म्हणून सासूबाईंनी दिलेलं, माझं लाडकं! रविवारी ते घासायला माझ्यापुढं आलं. चिंच लावली, राख लावली, पण तांबडा डाग काही जाईना. बरं, घासताना वास नाकात गेलाच. वास घेतला म्हणजे अर्धं जेवण, असं आपल्यात म्हणतात. मग माझा नवस अर्धा मोडला का? देवळातल्या गुरवांना विचारलं तर ते म्हणाले, "वहिनी, हा प्रश्न आमच्या वडिलांनासुद्धा कुणी विचारला नव्हता!"

म्हणून मी आपला अर्धा उपास केला. दुपारपर्यंतचा.

*

तेव्हा दारूबंदी होती. साहेबांकडं परमिट होतं, बाकीच्यांकडं नव्हतं. कुणीतरी कळ लावली आणि एका शनिवारी सायकलवरून हवालदार आला, नेमका शिंत्र्यांच्या तोंडात घोट असताना!

आता शिंत्र्यांना बोलता येईना आणि गिळावं तर पुरावा पोटात. ते तस्तात थुंकले. ते बघून शेजारचा थुंकला. मग साहेब थुंकले, त्यांच्या मॅडम थुंकल्या, सगळ्यांनी ओळीनं थुंकून घेतलं.

हवालदारानं तस्तात वाकून पाहिलं. उघड्या बाटल्या पाहिल्या. "एवढी परदेशातून आणायची आणि थुंकायची?"

"हो," हे म्हणाले. ह्यांना खोटं बोलता येत नाही.

"रोज?"

"दर शनिवारी."

हवालदारानं टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाला, "साहेब, इतकी कडक दारूबंदी आम्हालाही जमली नाही!"

चहा पिऊन गेला बिचारा.

*

साहेबांचा बंगला समुद्राजवळ, आणि पलीकडंच हिरूबाईचं अंगण. हिरूबाई कोळीण, माझ्याकडं दारावर यायची, मला माळकरी घरातली समजून मासळीची टोपली लांब ठेवून गप्पा मारायची. तिच्या अंगणात बांबूवर बोंबील सुकत असायचे. वारा तिकडून सुटला की साहेबांच्या प्रत्येक वाइनला बोंबलाचा वास!

साहेब स्वतः गेले तिला विनवायला. शनिवारी तेवढे बोंबील काढून ठेव म्हणाले. हे मधे दुभाषी.

हिरूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "त्येला सांग, बोंबील काय माज्या सांगण्यानं सुकतान? ऊन हाय तवर सुकवायचं. तूच तुजी बाटली पावसाळ्यात उघड ना! तवा आमी काय सुकवत नाय!"

शेवटी असं ठरलं, की शनिवारी सकाळी वारा कुठला हे हिरूबाईनं कळवायचं आणि मग साहेबांनी बाटली काढायची. अमेरिकेचा एवढा मोठा इंजिनिअर, पण हिरूबाईनं "आज नाय" म्हटलं की बूच जागच्या जागी!

पुढं तिच्या भाचीचं लग्न निघालं. सगळं घर डहाणूला गेलं, बांबू रिकामे. साहेबांना वाटलं, आज खरी परीक्षा. त्यांनी आवडती पांढरी उघडली, ग्लास फिरवला, नाक खुपसलं. पुन्हा खुपसलं. कपाळाला आठी.

"काय झालं, साहेब?"

"चांगली आहे," साहेब म्हणाले, "पण आज हिच्यात काहीतरी कमी वाटतंय."

आणि मार्क कापले!

*

वास घेऊन जे आठवेल ते सांगायचं, असा साहेबांचा नियम होता. स्वतः सांगायचे, ओला दगड, जुनं खोगीर, पेन्सिलीचं लाकूड. शिंत्रे दर वेळी एकच सांगायचे, "खोकल्याचं औषध." एकदा एका जुन्या तांबड्या वाइनचा वास घेऊन हे सहज बोलून गेले, "आमच्या देवघरातलं निर्माल्य, तिसऱ्या दिवसाचं."

झालं! साहेबांना ते निर्माल्य हवंच. पौष सरत आला होता. साहेबांची जीप बोईसरच्या आमच्या खोलीपुढं उभी राहिली. साहेब बूट काढून देवघराशी गुडघ्यांवर बसले आणि परडीत नाक घालून डोळे मिटले. दारात आख्खी चाळ जमली. शेजारची म्हणाली, "केवढी हो भक्ती!"

साहेबांनी माझ्यासाठी मुंबईहून द्राक्षं आणली होती. अशी टपोरी, की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी हात जोडून म्हटलं, "मी सोडलीयत."

"कधीपर्यंत?" साहेबांनी विचारलं. हे मधे दुभाषी.

मी भोळी! बोलून गेले, "ह्यांची नोकरी पर्मनंट होईपर्यंत." पर्मनंट साहेबांना बरोबर कळलं!

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जमीन दुभंगावी. साहेबांपुढं पदर पसरल्यासारखंच झालं ना ते! कारण महिन्याभरानं मुंबईचं ऑफिस ठरवणार होतं, की स्टोअरमधला कोण राहणार आणि कोण जाणार. साहेबांचा शब्द लागणार होता.

साहेबांनी हातातल्या पिशवीकडं पाहिलं. मग ह्यांच्यामार्फत विचारलं, "पण द्राक्षंच का?"

"सगळ्यांत आवडतात म्हणून. नावडतं सोडून काय उपयोग? कारलं सोडलं तर देवसुद्धा हसेल!"

साहेब द्राक्षांची पिशवी तशीच उचलून निघून गेले. त्या रात्री हे जेवले नाहीत.

*

पुढच्या आठवड्यात मॅडम एकट्याच जीपनं आल्या. हिंदी त्या आचाऱ्याकडून शिकल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "तुम मेरा साहब को क्या किया?"

मी घाबरले. तर साहेबांनीही द्राक्षं सोडली होती! द्राक्षं सोडली म्हणजे वाइनही सोडली. कशासाठी? ह्यांच्या नोकरीसाठी! म्हणाले होते, शिफारस मी करतो, पण मुंबईचा भरवसा नाही, तेव्हा हेही करून बघतो. आणि नेमके येत्याच शनिवारी त्यांचे अमेरिकन मित्र मुंबईहून येणार होते, वर्षाच्या सगळ्या वाइन पारखायला. मुख्य परीक्षक साहेब!

मी म्हटलं, "मॅडम, बोललेलं आता मागं घेता येत नाही."

साहेब तोंड मिटून परीक्षेला बसले. रंग पाहिला, वास घेतला. पुढं काय? मग त्यांनी शिंत्र्यांना समोर बसवलं. शिंत्रे घोट घ्यायचे आणि साहेब त्यांच्या तोंडाकडं बघून मार्क द्यायचे. शिंत्र्यांचं तोंड जितकं वाकडं, तितके मार्क जास्त!

मित्र म्हणाले, "विल्यम, तुझी पारख इतकी अचूक कधीच नव्हती!"

*

महाशिवरात्र झाली आणि मुंबईहून निरोप आला. हे कायम! मी आधी देवापुढं साखर ठेवली, मग रडले. नाशिकची द्राक्षं मागवून महादेवाला वाहिली. पण माझ्याआधी नवस फिटायला हवा होता तो साहेबांचा. म्हणून तसाच प्रसाद घेऊन मी आयुष्यात पहिल्यांदा त्या बंगल्याची पायरी चढले. शनिवारच होता. शिंत्रे होते, मॅडम होत्या, दाराशी हिरूबाईही येऊन उभी होती.

मी साहेबांच्या उजव्या हातावर एक द्राक्ष ठेवलं.

साहेबांनी ते उजेडात धरलं. रंग पाहिला. बोटांत गोल फिरवलं. वास घेतला. डोळे मिटून तोंडात टाकलं, या गालातून त्या गालात घोळवलं. सगळे श्वास रोखून बघत होते, आता साहेब काय म्हणतात! आणि आमचे हे! कायम झाले तरी सवय जाते का? पटकन पुढं झाले आणि दोन्ही हातांनी तस्त साहेबांच्या हनुवटीखाली धरलं.

साहेब वाकले.

महादेवाचा प्रसाद! हिरूबाई दारातून ओरडली, "अरे थूकू नको रं, बाबा!"

साहेबांनी डोळे उघडले. तस्ताकडं पाहिलं. ह्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

आणि इतक्या शनिवारांत कुणीही कधी पाहिलं नव्हतं ते केलं. गिळलं! तेव्हा नाशिकच्या द्राक्षांत बिया असायच्या. बियांसकट गिळलं!

तर बायांनो, तुमचंही काही अडलं असेल तर तुम्हीही एखादी गोष्ट सोडून बघा. पण आवडती सोडा हं. कारलं नको!