प्रकाशाला गोल खाल्ला की गूळ मिळतो

धुळ्यात बसून फुटबॉलच्या गप्पा मारणं सोपं. त्यासाठी तापीकाठच्या प्रकाशा गावापर्यंत जाणं म्हणजे विकतचं दुखणं, असं माझं स्वच्छ मत होतं. पण दगडू आबांचा निरोप आला, "शिमग्याच्या आत या, मग मैदान राहणार नाही," आणि आमच्या व्यायाम मंडळाने जायचं ठरवलं. आबा म्हणजे तिथल्या फुटबॉल क्लबाचे सर्वेसर्वा. क्लब खेळतो ते वावर आत्माराम पाटलांचं. इतकी वर्षं त्यांनी काणाडोळा केला, आता त्यांना तिथे कपाशी पेरायची होती. म्हणून हा निरोपाचा सामना.

धुळ्याहून मोटारीने दोंडाईचा. जाणाऱ्यांनी तोंडाला रुमाल बांधावा, नाहीतर निम्मा खानदेश पोटात जातो. तिथून आगगाडीने नंदुरबार. स्टेशनजवळच्या धर्मशाळेत रात्रीपुरती जागा मिळते, ढेकूणही मिळतात. सकाळी बैलगाडीने तापी गाठली. नावेला माणशी एक आणा. पाणी संथ, पलीकडे देवळांचे कळस, आणि काठावर आबा स्वतः उभे. माझी कुरकुर तिथेच थांबली.

जेवायला कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर कच्चं तेल. सामन्याआधी इतकं खाऊ नये, हे मला कळत होतं. तरी चौथी भाकरी मी मागून घेतली. वाढता वाढता आबा क्लबाची कूळकथा सांगत होते. मोठ्या लढाईच्या आधी, रेल्वे नवीन होती तेव्हा, एक गोरा गार्ड सुट्टीत इथे मासे धरायला यायचा. त्याने पोरांना खेळ शिकवला. विलायतेत त्याच्या गावाचाही असाच क्लब होता. न्हावी, खाटीक, गवंडी असले खेळाडू, कुठल्या मोठ्या लीगमध्ये नाव नाही. मैदान म्हणजे एका शेतकऱ्याचं कुरण. आधी मेंढरं हाकायची, मग खेळायचं. आणि तो शेतकरी दरवर्षी धमकी द्यायचा, यंदा नांगरतो म्हणून.

"तठे बी तेच, आठे बी तेच," आबा हसले. पण हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

मैदानावर गेलो तर कडेला नांगर आणि बैल तयारच. 'मन्हं वावर' म्हणत पाटील शेजारीच उभे; सामना संपला की नांगराचं पहिलं तास घालायचं, असा त्यांचा बेत. त्यात क्लबाचा गोलकीपर हिवतापाने अंथरुणात. दहाच गडी! शेवटचा सामनाही नशिबात नाही म्हणून आबा मटकन खालीच बसले. मग एकदम उठले आणि थेट पाटलांकडे गेले.

"पाटील, तुम्हीन नुसता उभा ऱ्हावा. बाकीनं आम्ही देखी लेसूत."

"मी? मन्हं धोतर सुटी जाई!"

सगळे हसले, आणि त्या हसण्यातच पाटील दोन बांबूंच्या मध्ये जाऊन उभे राहिले. त्यांनी एक चेंडू चक्क पोटावर अडवला. पुढचे दोन कसे अडले ते त्यांनाही ठाऊक नसावं. मग माझा एक फटका त्यांच्या बगलेतून गेला आणि पाटलांनी गोल खाल्ला. मी नाचणार, तोच आबांनी माझ्या हातात गुळाचा खडा ठेवला.

"चारा त्याले."

"पाटलांना? का म्हणून?" मी विचारलं.

"साहेब म्हने गोल, आम्हले ऐकू उनं गूय," आबा सांगू लागले. "पहिला गोल साहेबवरच व्हयना, तवय आम्ही पयत जाईसन घरमाईन गूय लई उनूत. साहेब पोट धरीसन हासना, पन त्यानी गूय खादा. तवयपासून ज्यानी गोल खादा त्याले गूय चारना, हाई आम्हनी रीत शे."

मी पाटलांच्या तोंडात गूळ घातला. घामाने निथळत, धुळीने माखलेल्या पाटलांनी तो चघळत एकदा बैलांकडे पाहिलं.

"आबा, मी गोल खादा, गूय बी खादा. आते मी बी क्लबना मानूस. मन्हाच मैदानवर नांगर कसा घालू?"

तोवर ते 'वावर, वावर' करत होते. 'मैदान' हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला. बैल सोडायला त्यांनी गड्याला हाक मारली, आणि आबा पदरासारखं उपरणं तोंडाला लावून रडले. मलाही रडू आलं, लपवत नाही.

परतीची वाट तीच, धूळही तीच, पण या खेपेला मी कशालाच नावं ठेवली नाहीत. प्रकाशाला जाणार असाल तर थंडी सरता सरता जा, पोट रिकामं ठेवून जा, आणि चेंडू मागितलात तर मिळेल. घरी पोचलो तेव्हा गुडघा सुजला होता. बायको हळद लावता लावता म्हणाली, "कोण जिंकलं?"

"आम्ही. गोल मीच मारला."

"मग त्यांना राग आला असेल."

"नाही गं," मी म्हणालो. "अख्खं गाव मला नावेपर्यंत पोचवायला आलं होतं."